चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मात प्रोब कसा वापरावा: जुळणीपासून आलेखाच्या वाचनापर्यंत

प्लाझ्मामध्ये, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूमध्ये, धातूची एक बारीक तार (हाच प्रोब) घालायची, तिच्यावरचा विद्युतदाब ऋण बाजूकडून धन बाजूकडे सरकवत न्यायचा, प्रत्येक विद्युतदाबाला तारेतून किती प्रवाह वाहतो ते नोंदवायचे आणि त्या आलेखावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान, प्लाझ्माची घनता आणि त्याचे विभव काढायचे, ही पद्धत अर्व्हिंग लँगम्युअर आणि हॅरोल्ड मॉट-स्मिथ यांनी १९२० च्या दशकात रुजवली. त्यांचा १९२६ सालचा सिद्धान्त आजही पदव्युत्तर प्रयोगशाळेत शिकवला जातो आणि तो शिकवलाही पाहिजे. मात्र तारेभोवतीचे इलेक्ट्रॉन सर्व दिशांनी मोकळेपणाने येऊ शकतात हे त्या सिद्धान्तात गृहीत धरलेले आहे, आणि प्लाझ्माच्या नळीभोवतीच्या कॉइलमध्ये प्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र लावले की नेमके हेच गृहीतक सर्वांत आधी कोसळते. आलेखाचा आकार तेवढ्यापुरता फारसा बिघडलेला दिसत नाही, त्यामुळे जुनी सूत्रे वापरून उत्तरे मिळतात. ती उत्तरे चुकीची असतात, एवढेच.

नाशिकमध्ये एम.एस्सी. भौतिकशास्त्राचा प्रकल्प म्हणून, किंवा अभियांत्रिकीच्या निर्वात तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत, अशी जुळणी उभी करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर एक ठरावीक जुळणी ठेवून सगळे आकडे दिले आहेत: सुमारे १ पास्कल दाबाचा अरगॉन वायू, तापवलेल्या टंगस्टन फिलामेंटने आणि ५० व्होल्टच्या डिस्चार्जने तयार केलेला प्लाझ्मा, घनता दर घनमीटरला १० चा १६ वा घात, इलेक्ट्रॉनांचे तापमान ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि चुंबकीय क्षेत्र १०० गॉस, म्हणजे ०.०१ टेस्ला. आपली जुळणी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण गणिताचा क्रम तोच राहील.

आधी लांबी मोजा, मग तार निवडा

तारेला हात लावण्यापूर्वी चार लांबी कागदावर काढाव्यात, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्या आपसातल्या प्रमाणावर ठरतो. पहिली डिबाय लांबी, म्हणजे प्लाझ्मा परका विद्युतभार जितक्या अंतरात झाकून टाकतो ते अंतर. वरच्या आकड्यांना ती सुमारे ०.१३ मिमी येते. दुसरी इलेक्ट्रॉनांची लार्मर त्रिज्या, म्हणजे क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेताना इलेक्ट्रॉन जे वर्तुळ काढतो त्याची त्रिज्या. १०० गॉसला ती सुमारे ०.४ मिमी आहे. तिसरी आयनांची लार्मर त्रिज्या. खोलीच्या तापमानाच्या अरगॉन आयनांसाठी ती जवळजवळ १ सेंमी भरते. चौथी म्हणजे इलेक्ट्रॉन वायूच्या अणूवर आदळण्याआधी सरासरी जे अंतर कापतो ते, आणि १ पास्कलला ते काही सेंटिमीटर असते.

०.५ मिमी व्यासाची आणि ५ मिमी उघडी लांबी असलेली तार या चार आकड्यांशेजारी ठेवून पाहिली की चित्र स्पष्ट होते. आयनांच्या दृष्टीने चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाहीच, कारण त्यांचे वर्तुळ तारेपेक्षा कितीतरी मोठे आहे. इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने मात्र क्षेत्र आहे आणि चांगलेच आहे, कारण त्यांच्या गिरकीची त्रिज्या आणि तारेची जाडी आता एकाच मापाच्या झाल्या आहेत. एकाच तारेवर दोन प्रकारचे कण दोन वेगवेगळ्या नियमांनी गोळा होतात, आणि प्रयोगशाळेतल्या बहुतेक चुंबकित प्लाझ्मांची हीच अवस्था असते. क्षेत्र १,००० गॉसपर्यंत नेले तर इलेक्ट्रॉनांची त्रिज्या ०.०४ मिमी आणि आयनांची १ मिमी होईल, आणि मग आयनांनाही मोकळे समजता येणार नाही.

क्षेत्रामुळे नेमके काय बदलते

क्षेत्र नसताना तारेवर प्लाझ्माइतकेच विभव ठेवले की तिच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा जेवढा यदृच्छ मारा होतो तेवढाच प्रवाह मिळतो. आपल्या तारेचे क्षेत्रफळ टोकासह सुमारे ८ चौरस मिमी आहे, आणि त्यावर हा प्रवाह ३.७ मिलिअँपियर येतो. आयनांचा प्रवाह बोहमच्या निकषाने, म्हणजे घनता, आयनध्वनीचा वेग, क्षेत्रफळ, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि ०.६१ हा गुणक यांच्या गुणाकाराने, सुमारे २१ मायक्रोअँपियर भरतो. दोहोंचे गुणोत्तर १७६ च्या आसपास येते, आणि ते फक्त आयन व इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हायड्रोजनसाठी तेच २८ आहे.

आता क्षेत्र लावा. इलेक्ट्रॉन रेषेच्या दिशेने पूर्वीइतकेच वेगाने धावतात, पण रेषा ओलांडून बाजूला जायचे तर त्यांना टक्कर व्हावी लागते किंवा प्लाझ्मातल्या चंचल विद्युतक्षेत्राचा धक्का लागावा लागतो. त्यामुळे तारेला स्पर्श करणाऱ्या क्षेत्ररेषांची जी एक अरुंद नळी असते, तिच्यातले इलेक्ट्रॉन तार झपाट्याने उपसून घेते आणि त्या नळीत नवे इलेक्ट्रॉन बाजूने हळूहळू झिरपत येतात. निफाड-दिंडोरीकडे उन्हाळ्यात विहिरीवर मोठा पंप लावला की काय होते ते बघितलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही: उपसा झऱ्यांच्या आवकेपेक्षा जास्त झाला की पाणी तळाला जाते, आणि त्यानंतर पंपातून जेवढे पाणी पडते त्यावरून झऱ्यांची आवक कळते, आसपासच्या जमिनीतले पाणी किती खोल आहे ते कळत नाही. धन बाजूला नेलेला प्रोबही असाच आवक मोजू लागतो. त्याचा संपृक्त इलेक्ट्रॉन प्रवाह आजूबाजूची घनता सांगत नाही. रेषा ओलांडून किती विसरण, म्हणजे झिरपणे, होते ते सांगतो.

डेव्हिड बोहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ही घट मांडली, आणि रेषांना आडव्या विसरणाचा जो अंदाज आज बोहम विसरण म्हणून ओळखला जातो तोही त्याच कामातला. इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या तापमानाला टेस्लातल्या क्षेत्राच्या १६ पटीने भागले की तो अंदाज मिळतो. आपल्या जुळणीत तो दर सेकंदाला सुमारे १९ चौरस मीटर येतो. नुसत्या टकरींमुळे होणारे विसरण आपल्या दाबाला त्यापेक्षा बरेच कमी असते. प्रत्यक्ष आकडा कुठे पडेल हे प्लाझ्मा किती अस्वस्थ आहे यावर ठरते, म्हणूनच इलेक्ट्रॉन बाजूवरून घनता काढण्याचा मोह टाळावा असे मी आग्रहाने सांगतो: त्या गणितात जी राशी लागते तीच आपल्याला ठाऊक नसते.

याचे दोन परिणाम आलेखावर थेट दिसतात. एक म्हणजे, इलेक्ट्रॉन आणि आयन प्रवाहांचे गुणोत्तर १७६ वरून खाली येते. दुसरे म्हणजे, क्षेत्र नसताना प्लाझ्मा विभवापाशी जे ठळक वळण दिसते ते गोलसर होते आणि जागाही बदलते. वळण शोधून त्याला प्लाझ्मा विभव म्हणण्याची सवय इथे सर्वांत जास्त नडते.

तार क्षेत्राला आडवी आहे की समांतर, यानेही मोठा फरक पडतो. आडवी तार रेषांच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन घेते आणि रेषांना तिची जी सावली दिसते ती लांबी गुणिले व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ५ चौरस मिमी असते. समांतर तारेचे रेषांना दिसते ते केवळ टोक, म्हणजे ०.२ चौरस मिमी. तिच्या लांब अंगावर रेषा नुसत्या घसटत जातात. तीव्र क्षेत्रात हा फरक २५ पट होऊ शकतो. पहिल्या प्रयोगासाठी तार आडवीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोब बनवणे

तार टंगस्टनची घ्यावी. व्हॅक्यूम मेटलायझिंग करणारे कारखाने बाष्पीभवनासाठी टंगस्टनच्या तारा वापरतात, आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत थोडी चौकशी केली तर अशा तारेचे उरलेले तुकडे मिळण्याची शक्यता असते. ते जमले नाही तर टिग वेल्डिंगचा १ मिमीचा रॉड चालतो, परंतु तो हिरव्या पट्ट्याचा, म्हणजे शुद्ध टंगस्टनचाच घ्यावा. लाल पट्ट्याच्या रॉडमध्ये थोरियम ऑक्साइड मिसळलेले असते. ते किरणोत्सारी असल्याने रॉड घासताना उडणारी धूळ श्वासात जाणे धोक्याचे आहे, शिवाय थोरियममुळे तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि ते मापनात मिसळतात. १ मिमीची तार घेतली तर क्षेत्रफळाचे आणि सावलीचे सर्व आकडे नव्याने काढावे लागतील, हेही लक्षात ठेवावे.

टंगस्टन पकडीने कापू नये; ते उभे चिरते आणि टोकाचे क्षेत्रफळ कळेनासे होते. बारीक ग्राइंडिंग चकतीने खाच पाडून मग मोडावे आणि टोक पॉलिश पेपरवर सपाट करावे. वाकवायचे असेल तर आधी तापवून लाल करावे, थंड तार हातात तुटते. टंगस्टनला साधे सोल्डर धरत नाही, म्हणून तारेचे मागचे टोक पितळी कनेक्टरमध्ये घालून ग्रब स्क्रूने आवळावे किंवा निकेलच्या पट्टीला स्पॉट वेल्ड करावे.

तारेवर अॅल्युमिनाची सिरॅमिक ट्यूब चढवावी. भट्ट्यांच्या थर्मोकपलसाठी वापरतात तीच. इथे एका बारकाव्यावर पूर्ण प्रयोग अवलंबून असतो. फिलामेंटवरून आणि कॅथोडवरून उडालेला धातू हळूहळू सिरॅमिकवर पातळ थर धरतो, आणि तो थर तारेला चिकटला की सिरॅमिकचा पुढचा भागही प्रोब बनतो. आलेख तसाच दिसत राहतो, फक्त दिवसेंदिवस प्रवाह वाढत जातो आणि आपण त्याला घनतेतली वाढ समजतो. म्हणून ट्यूबचे आतले छिद्र तारेपेक्षा मोठे असावे आणि तोंडाशी निदान २-३ मिमी लांबीपर्यंत तार सिरॅमिकला कुठेही टेकता कामा नये. मागे मात्र ती घट्ट बसवावी. ट्यूब शक्य तितकी बारीक असावी, कारण तीही रेषा अडवते आणि तारेच्या वाटचा पुरवठा कमी करते.

प्रोब आत कुठे ठेवायचा, हेही इथेच ठरवावे. फिलामेंटमधून निघालेले ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे वेगवान इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांना धरूनच धावतात, त्यामुळे फिलामेंटमधून जाणाऱ्या रेषेवर तार आली तर आलेखात ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गर्दीवर या पाहुण्यांचा थर चढतो. तार त्या रेषेपासून बाजूला ठेवावी.

क्षेत्र उभे करणे

यात फार अडचण नाही. १५ सेंमी त्रिज्येच्या आणि प्रत्येकी ५०० वेढ्यांच्या हेल्महोल्ट्झ कॉइलच्या जोडीत ३.३ अँपियर सोडले की मध्यभागी सुमारे ९९ गॉस मिळतात. शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर अशा कॉइल नीट गुंडाळून देतात; फक्त वेढे मोजून घ्यावेत आणि दोन्ही कॉइलची दिशा एकच आहे याची होकायंत्राने खात्री करावी. १८ गेजची एनॅमल्ड तांब्याची तार घेतली तर प्रत्येक कॉइलचा रोध सुमारे ७ ओहम होतो आणि ७५ वॅटच्या आसपास उष्णता निघते. कॉइल तापली की रोध वाढतो आणि क्षेत्र घसरते, म्हणून स्थिर प्रवाहाचा सप्लाय वापरावा. सप्लाय चालू असताना कॉइलची वायर कधीही उपसू नये. कॉइलच्या उलट झटक्याने माणसाला आणि उपकरणाला, दोघांनाही इजा होते. स्टँड लोखंडी नसावा. अॅल्युमिनियम, लाकूड किंवा ३०४ स्टेनलेस चालेल.

मोजणारे सर्किट

बहुतेक प्रकल्प इथे फसतात, आणि प्लाझ्माशी त्याचा काहीच संबंध नसतो.

तारेला –८० ते +२० व्होल्टपर्यंत सरकणारा विद्युतदाब द्यावा, आणि तो जमिनीला जोडलेल्या अॅनोडच्या संदर्भात मोजावा. खालची मर्यादा –८० ठेवण्याचे कारण असे की फिलामेंटपासून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन –५० व्होल्टपर्यंत तारेवर पोहोचू शकतात. –५५ च्या खाली जो प्रवाह उरतो तोच निखळ आयनांचा. अॅनोड तारेपेक्षा कितीतरी मोठा असावा आणि शक्यतो तारेतून जाणाऱ्या रेषा त्यावर टेकाव्यात, नाहीतर परतीच्या प्रवाहालाही रेषा ओलांडाव्या लागतात आणि आपण नकळत तोच अडथळा मोजत बसतो.

प्रवाह मोजण्यासाठी मालिकेत जो रोध लावायचा त्याची निवड काळजीपूर्वक करावी. १ किलोओहम लावला तर २१ मायक्रोअँपियरच्या आयन प्रवाहाला २१ मिलिव्होल्ट मिळतात, जे वाचायला अवघड, आणि ३.७ मिलिअँपियर इलेक्ट्रॉन प्रवाहाला त्याच रोधावर ३.७ व्होल्ट पडतात, म्हणजे तारेवर आपण समजतो त्यापेक्षा ३.७ व्होल्ट कमी विद्युतदाब असतो. तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचे तापमान मोजताना ही चूक प्रचंड आहे. त्याहून छुपी अडचण डिजिटल ऑसिलोस्कोपची असते. साधा ऑसिलोस्कोप ८ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा असतो; पूर्ण मापपट्टी ४ मिलिअँपियरची ठेवली तर एक पायरी जवळजवळ १६ मायक्रोअँपियरची होते आणि आयनांचा अख्खा प्रवाह एका-दीड पायरीत संपतो. अशा आलेखातून आयनांची रेषा ओढणे म्हणजे स्क्रीनवरच्या पायऱ्यांना प्लाझ्मा समजणे होय.

उपाय सोपा आहे: आलेख दोनदा घ्यावा. एकदा १० किलोओहम लावून, –८० पासून तरंगत्या विभवाच्या (ज्या विद्युतदाबाला तारेतून निव्वळ प्रवाह शून्य असतो त्याच्या) थोडे वरपर्यंतच, म्हणजे आयन प्रवाह २०० मिलिव्होल्टच्या वर स्वच्छ दिसेल. दुसऱ्यांदा १०० ओहम लावून पूर्ण आलेख. दोन्हींत रोधावर पडलेला विद्युतदाब दिलेल्या विद्युतदाबातून वजा करूनच आडवा अक्ष काढावा, आणि जिथे दोन आलेख एकमेकांवर येतात तिथे ते जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास पुढे जाऊ नये.

विद्युतदाब किती वेगाने सरकवायचा, यालाही हिशेब आहे. कोअॅक्सिअल केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. २ मीटर केबलवर १०० व्होल्ट १० मिलिसेकंदांत सरकवले तर केबल भरण्यासाठीच २ मायक्रोअँपियर लागतात, म्हणजे आयन प्रवाहाच्या एक दशांश. तेच काम अर्ध्या सेकंदात केले तर ही भर नगण्य होते. फार सावकाश सरकवल्यास ५० हर्ट्झच्या मेन्सची गुणगुण आलेखावर चढते. तिचा उपाय म्हणजे अनेक आलेखांची सरासरी. सरासरीही विचारपूर्वक घ्यावी. तरंगते विभव स्वतःच एक-दोन व्होल्ट हेलकावत असेल तर सरासरीने आलेख पसरट होतो आणि तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

तार साफ करणे आणि गळती तपासणे

प्लाझ्मा बंद असताना तारेला ८० व्होल्ट देऊन प्रवाह पाहावा. तो ०.२ मायक्रोअँपियरपेक्षा, म्हणजे आयन प्रवाहाच्या एक टक्क्यापेक्षा, कमी असला पाहिजे; याचा अर्थ सगळ्या जोडण्यांचा मिळून रोध ४०० मेगाओहमच्या वर हवा. नाशिकच्या पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे फीडथ्रूच्या (निर्वात कक्षात वायर आत नेणाऱ्या जोडणीच्या) सिरॅमिकवर आणि बीएनसी जोडण्यांवर ओल धरते आणि ही चाचणी हमखास नापास होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून गरम हवेने वाळवल्यावर ती सहसा सुधारते.

तारेवर बसलेला मळ हा दुसरा शत्रू. विद्युतदाब वर नेताना आणि खाली आणताना मिळणारे दोन आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर तार मळकी आहे असे समजावे. चुंबकीय क्षेत्र बंद करून प्लाझ्मामध्ये तिला धन विद्युतदाब द्यावा आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने चांगली तापू द्यावी. क्षेत्र चालू असताना हेच करायला गेलात तर पुरेसे इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. तेवढ्याने भागले नाही तर काही मिनिटे –१५० ते –२०० व्होल्टवर ठेवून आयनांच्या माऱ्याने घासून घ्यावी.

आलेखाचे वाचन

वाचनाचा क्रम डावीकडून उजवीकडे, म्हणजे विश्वासार्ह बाजूकडून कमी विश्वासार्ह बाजूकडे ठेवावा.

सुरुवात आयनांपासून. प्लाझ्मा विभवाच्या ६० व्होल्ट खाली तारेभोवतीचे विद्युतभारित आवरण, ज्याला शीथ म्हणतात, सुमारे १ मिमी जाड असते, म्हणजे तारेच्या त्रिज्येच्या चौपट. त्यामुळे आयन प्रवाह संपृक्त होत नाही, विद्युतदाब जितका ऋण तितका तो वाढतच जातो आणि बोहमच्या सूत्राने आलेल्या २१ मायक्रोअँपियरच्या दोन-तीन पट होऊ शकतो. तारेची त्रिज्या डिबाय लांबीच्या तिपटीपेक्षा कमी असेल, आणि आपल्याकडे ती दुपटीच्या आसपास आहे, तर आयन प्रवाहाचा वर्ग विद्युतदाबासमोर मांडावा. लँगम्युअर आणि मॉट-स्मिथ यांच्या कक्षीय गतीच्या सिद्धान्ताप्रमाणे तिथे सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून घनता निघते. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचे तापमान लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. आयनांची लार्मर त्रिज्या १ सेंमी आणि शीथ १ मिमी असल्याने चुंबकीय क्षेत्र नसतानाचा हा सिद्धान्त आयनांसाठी इथे अजून वापरता येतो. बोहमच्या सूत्रानेही घनता काढावी आणि दोन्ही आकडे नोंदवावेत. त्यांच्यातले अंतर हीच आपल्या मापनाची खरी अनिश्चितता.

त्यानंतर तापमान. आयनांची रेषा तरंगत्या विभवाच्या पुढेपर्यंत वाढवून एकूण प्रवाहातून वजा करावी, म्हणजे निव्वळ इलेक्ट्रॉन प्रवाह उरतो. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम विद्युतदाबासमोर मांडला की जो सरळ भाग मिळतो, त्याच्या उताराचा व्यस्त म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्टमधले तापमान. उदाहरणार्थ, प्रवाह २० वरून ६० मायक्रोअँपियरपर्यंत, म्हणजे तिपटीने, वाढायला ३.३ व्होल्ट लागले तर तिनाचा नैसर्गिक लॉगरिदम १.१ असल्याने तापमान ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते.

प्रश्न असा की हा सरळ भाग कुठपर्यंत धरायचा. चुंबकीय क्षेत्र नसताना तो प्लाझ्मा विभवापर्यंत जातो. क्षेत्र असताना तार जसजशी जास्त इलेक्ट्रॉन मागू लागते तसतशी तिची नळी रिकामी होऊ लागते, प्रवाह अपेक्षेपेक्षा सावकाश वाढतो, उतार कमी होतो आणि तापमान फुगते. तरंगत्या विभवापाशी मात्र तार आयनांइतकेच इलेक्ट्रॉन मागते, तेही ऊर्जा-वितरणाच्या शेपटाकडचे वेगवान, त्यामुळे तिथे रिकामेपणा नगण्य असतो. यासाठी एक साधी तपासणी प्रत्येक आलेखावर करावी. सरळ रेषेची वरची मर्यादा आधी तरंगत्या विभवावर ठेवून तापमान काढावे, मग ती मर्यादा एकेक व्होल्ट वर सरकवत पुन्हा काढावे, आणि मिळालेली तापमाने मर्यादेसमोर मांडावीत. सुरुवातीला आकडा स्थिर राहतो आणि एका ठिकाणापासून चढू लागतो. स्थिर भागातला आकडा घ्यावा आणि चढण सुरू झाल्यानंतरचे सर्व बिंदू सोडून द्यावेत. स्थिर भाग सापडलाच नाही तर वेगवान इलेक्ट्रॉनांची भेसळ आहे किंवा प्लाझ्मा फार हेलकावतो आहे, असे समजून जुळणीकडे परतावे.

शेवटी प्लाझ्मा विभव. वळणाच्या नादी न लागता ते तरंगत्या विभवावरून काढावे. आयन बाजूवरून आलेली घनता आणि आत्ताच काढलेले तापमान वापरून क्षेत्र नसताना जो इलेक्ट्रॉन प्रवाह मिळाला असता तो काढावा, त्याला तरंगत्या विभवावरच्या आयन प्रवाहाने भागावे, भागाकाराचा लॉगरिदम घ्यावा आणि तापमानाने गुणावे. हे उत्तर तरंगत्या विभवात मिळवले की प्लाझ्मा विभव मिळते. अरगॉनमध्ये हा लॉगरिदम बोहमच्या प्रवाहाने ५.२ येतो, आणि शीथ फुगल्याने आयन प्रवाह वाढला असेल तर त्याहून थोडा कमी. लॉगरिदमचा गुण असा की भागाकारात दुपटीची चूक झाली तरी विभवात फक्त ०.७ पट तापमानाची, म्हणजे आपल्याकडे २ व्होल्टची चूक होते. वेगवान इलेक्ट्रॉन तारेवर पोहोचत असतील तर मात्र तरंगते विभव खूप खाली सरकते आणि हा मार्ग बंद होतो.

इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे वितरण काढायचे असेल तर आणखी एक फरक लक्षात ठेवावा. ड्रुव्हेस्टाइन यांनी १९३० साली दाखवलेला नियम असा की वितरण आलेखाच्या दुसऱ्या अवकलनातून मिळते. तीव्र क्षेत्रात प्रवाह विसरणाने ठरू लागतो तेव्हा ते पहिल्या अवकलनाशी प्रमाणात येते. आपले १०० गॉस या दोहोंच्या मधे पडतात, त्यामुळे या जुळणीत यापैकी कोणताही नियम सरळ लावणे योग्य नाही.

क्षेत्र बदलून आणि तार फिरवून पडताळणी

दाब आणि डिस्चार्ज प्रवाह स्थिर ठेवून ०, २५, ५०, १०० आणि १५० गॉसला आलेख घ्यावेत. क्षेत्र बदलल्याने प्लाझ्मा स्वतःही बदलतो, बहुधा अक्षाजवळ दाटतो, म्हणून नुसता इलेक्ट्रॉन प्रवाह क्षेत्रासमोर मांडणे निरर्थक आहे. इलेक्ट्रॉन आणि आयन प्रवाहांचे गुणोत्तर मांडावे, म्हणजे घनतेतला बदल बराचसा गळून पडतो. शून्य क्षेत्राला हे गुणोत्तर शंभरीच्या आसपास किंवा वर असावे आणि क्षेत्राबरोबर सतत खाली यावे. शून्य क्षेत्रालाच ते दहा-वीस आले तर दोष चुंबकाचा नाही. अॅनोड लहान पडतो आहे, तार मळली आहे किंवा सिरॅमिकवर धातूचा थर बसला आहे.

त्याच जागी तार रेषांना आडवी आणि समांतर अशी फिरवून पाहावी. आयन प्रवाह जवळजवळ तसाच राहिला आणि इलेक्ट्रॉन प्रवाह घसरला, तर आयन मोकळे आणि इलेक्ट्रॉन बांधलेले हे आपले सुरुवातीचे गणित प्रयोगाने खरे ठरले. आयन प्रवाहही बदलू लागला तर सूत्रात तारेच्या पूर्ण क्षेत्रफळाऐवजी रेषांना दिसणारी सावली घ्यायची वेळ आली आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली सुरू झालेल्या आदित्यसारख्या टोकामॅकमध्ये (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात) हीच परिस्थिती असते: १ टेस्लाला २० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांची लार्मर त्रिज्या ०.०१ मिमी आणि तितक्याच ऊर्जेच्या हायड्रोजन आयनांची अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते, त्यामुळे तिथे दोन्ही कण रेषांनाच धरून येतात आणि सावलीचे क्षेत्रफळच खरे.

एकेरी प्रोब सोडून द्यावा अशी वेळ

तार धन बाजूला नेली की डिस्चार्जचा प्रवाह हलतो, चकाकी बदलते किंवा शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या तारेचे तरंगते विभव सरकते, असे दिसले तर तार प्लाझ्मा मोजण्याऐवजी तो बदलते आहे. अशा वेळी दुहेरी प्रोब वापरावा. १९५० साली जॉन्सन आणि माल्टर यांनी मांडलेल्या या पद्धतीत दोन सारख्या तारा एकमेकींच्या संदर्भात चालवतात, जमिनीशी संबंध ठेवत नाहीत, आणि त्यांतून जास्तीत जास्त आयनांच्या संपृक्त प्रवाहाइतकाच प्रवाह जाऊ शकतो. म्हणजे इलेक्ट्रॉनांची नळी रिकामी करण्याची शक्यताच संपते. आलेख शून्याभोवती सममित असतो, शीथ फुगण्याचा परिणाम वजा केल्यावर तो हायपरबोलिक टॅन्जंटचा आकार घेतो, आणि शून्याजवळच्या उतारावरून तापमान निघते. दोन्ही तारा एकाच क्षेत्ररेषेवर एकीच्या मागे दुसरी अशा ठेवू नयेत, नाहीतर एकीची सावली दुसरीवर पडते. त्या रेषांना आडव्या, शेजारी-शेजारी आणि एकमेकींपासून काही लार्मर त्रिज्यांच्या अंतरावर, म्हणजे आपल्याकडे २-३ मिमीवर असाव्यात. या पद्धतीत प्लाझ्मा विभव मिळत नाही, आणि तापमानही फक्त शेपटाकडच्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे मिळते. तरीही १०० गॉसच्या पुढे तापमान आणि घनता एवढेच हवे असेल, तर मी पहिल्यापासून दुहेरी प्रोबच बसवतो आणि त्याच फीडथ्रूवरची एक तार मोकळी सोडून तरंगते विभव वेगळे नोंदवतो.